खालची कवळी का तरंगते?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की सगळे दात गेले म्हणजे वर्षानुवर्षं तसंच राहू नये, कवळी करून घ्यावी आणि ती रोज घालावी. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: कवळी केली हो, पण ती डबीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. बाजाराच्या दिवशी माझ्याकडेही पिशवीतून, पदराच्या गाठीतून अशा डब्या निघतात. म्हणून यावेळचं सदर कवळीलाच दिलं आहे.

प्रश्न: नमस्कार मॅडम. आमचं गाव आर्णी तालुक्यात आहे. माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. मागच्या वर्षी सोयाबीन विकल्यावर त्यांना वरखाली पूर्ण कवळी करून आणली. वरची बरी बसते, पण खालची तरंगते. बोलताना उचलते, भाकर खाताना तिच्याखाली कण जातात, डाव्या बाजूला सारखी जखम होते. आता त्या ती रुमालात गुंडाळून डबीत ठेवतात, पाहुणे आले की तेवढी घालतात. भाकर वरणात कुस्करून हिरड्यांनीच खातात. पैसे वाया गेले म्हणून मनाला लावून घेतात. मेडिकलमध्ये चिकटवायची पावडर मिळते म्हणतात, ती आणू का? की नवीन कवळी करावी?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना सांगा की यात त्यांचं काही चुकलेलं नाही. खालच्या कवळीची तक्रार माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण खालच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. वरची कवळी अख्ख्या टाळूवर टेकते. कवळी आणि टाळूच्या मध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडा गाला-ओठांच्या आतल्या कातडीला बेतानं चिकटून असतात, त्यामुळे आत हवा शिरत नाही. ओल्या ओट्यावर वाटी उपडी पडली की चटकन उचलत नाही, तसंच हे. खाली मात्र मधोमध जीभ आहे. बसायला उरते ती घोड्याच्या नालेसारखी हिरडीची अरुंद पट्टी, वरच्या मानानं साधारण निम्मीच जागा. शिवाय दात गेल्यावर हाड झिजत जातं, आणि खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात ही झीज सगळ्यांत जास्त होते.

सासूबाईंचे दात काढल्यावर किती दिवसांनी माप घेतलं, ते पत्रात नाही. दात काढून महिना-दोन महिन्यांतच घेतलं असेल, तर तेव्हाची हिरडी आणि आजची हिरडी एक नाही. हिरडी खाली बसली, कवळी तशीच राहिली. अशा वेळी नवा सेट लागतोच असं नाही. आहे त्याच कवळीच्या आत नव्यानं माप घेऊन अस्तर भरता येतं, त्याला रिलाइनिंग म्हणतात. खर्चही नव्या सेटपेक्षा बराच कमी येतो. हिरडी फारच पातळ आणि हळवी झाली असेल तर मऊ अस्तरही मिळतं. मात्र ते फार काळ टिकत नाही, मधूनमधून बदलावं लागतं.

जखमेसाठी ज्यांनी कवळी केली त्यांच्याकडेच परत जा. नवी कवळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं तपासायची असते. हा कवळी करण्याचाच भाग आहे, तक्रार घेऊन जाणं नव्हे. लोक तिथे संकोचतात, 'डॉक्टर काय म्हणतील' म्हणून घरीच बसतात. जाताना एक गोष्ट करा: आदल्या दिवसापासून कवळी तोंडात ठेवायला सांगा. दुखतं म्हणून चार दिवस काढून ठेवली आणि मग गेलात, तर जखम भरलेली असते आणि नेमकी कुठे टोचते ते डॉक्टरला दिसत नाही. लाल झालेल्या जागेवर आम्ही जांभळ्या पेन्सिलीनं खूण करतो, कवळी बसवली की ती खूण कवळीवर उमटते, आणि तेवढाच ठिपका घासून काढतो. कधी ज्वारीच्या दाण्याएवढं घासलं तरी माणसाच्या तोंडावरचा ताण उतरलेला दिसतो. घरी मात्र कानशीला हात लावू देऊ नका. मागच्या उन्हाळ्यात एक काकाजी आले होते, त्यांनी स्वतःच कानशीनं अख्खी कड घासून आणली होती. टोचणं थांबलं, पण हवा अडवणारी कडच गेली, आणि जी कवळी वाचली असती ती नव्यानं करावी लागली.

आता सासूबाईंना स्वतः करता येईल असं. खालची कवळी धरून ठेवण्याचं बरंचसं काम जीभ आणि गाल करतात. पुष्कळांना तोंड उघडताना जीभ मागे ओढायची सवय असते. जीभ मागे गेली की कवळी उचललीच. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हलकं टेकवून ठेवायचं आणि तसंच सावकाश तोंड उघडायचं-मिटायचं. आरशासमोर दिवसातून चार-पाच वेळा पाच मिनिटं हे केलं की जिभेला कळू लागतं. साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि ते रोज घातली तरच. पाहुण्यांपुरती घातलेल्या कवळीची सवय कधीच होत नाही.

खाण्याचं असं: पहिला आठवडा मऊ भात, वरण, शिजलेली भाजी. मग भाकर, पण चतकोर हातात घेऊन पुढच्या दातांनी तोडायची नाही. पुढून ओढलं की मागून कवळी सुटते. बोटांनी लहान तुकडे करायचे, आणि घास एकाच गालात न ठेवता अर्धा इकडे अर्धा तिकडे ठेवून दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. नुसतं डावीकडे चावलं तर उजवीकडून कवळी उचलते. तुमच्या पत्रातली डावीकडची जखम यामुळेही असू शकते. वांग्याच्या, पेरूच्या बिया आणि तीळ खालच्या कवळीखाली हमखास जातात. जेवणानंतर ती काढून चूळ भरून पुन्हा बसवायची. रोडगे, फुटाणे, हरभऱ्याचे वाळलेले दाणे यांची अपेक्षा मात्र ठेवू नका. उत्तम बसलेल्या कवळीनंही आपल्या मूळच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच जोर लागतो. हे आधीच सांगायला हवं, म्हणजे माणूस स्वतःला दोष देत बसत नाही.

पावडर वाईट नाही. लग्नाकार्यात, भाषणाला, नव्या सेटच्या सुरुवातीच्या दिवसांत जरूर वापरा, तीही चिमूटभर, ओल्या कवळीवर. पण रोज जास्त जास्त लागू लागली तर माप बिघडलं आहे, हे ती पावडरच सांगते आहे असं समजा. आणि सासूबाईंना बीपीच्या गोळ्या चालू आहेत का ते पाहा. काही गोळ्यांनी लाळ कमी होते, लाळ कमी झाली की कवळीही धरत नाही आणि घासलंही जातं. गोळ्या बंद करायच्या नाहीत. जेवणाआधी दोन घोट पाणी प्यायचं, आणि डॉक्टरांना तोंड कोरडं पडतं एवढं सांगायचं.

प्रश्न: मी 64 वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, तिवसा तालुक्यात राहतो. गावच्या गुरुदेव सेवा मंडळात प्रार्थना आणि भजन म्हणतो. दीड महिन्यापूर्वी पूर्ण कवळी बसवली. खाणं जमायला लागलं. पण दात फार पांढरे आणि एका ओळीत दिसतात, वरचा ओठ आत गेल्यासारखा वाटतो. नातू म्हणाला, "आबाजी, तुमी दुसरेच दिसून राह्यले." 'स' म्हटला की शिट्टी वाजते. भजनात वरचा सूर लावायला तोंड मोठं उघडलं की वरची कवळी खाली येते. या वयात दिसण्याची काळजी करणं बरं नाही, असं घरचे म्हणतात.

उत्तर: गुरुजी, घरच्यांचं मी ऐकणार नाही. आपला चेहरा आपल्याला ओळखू यावा ही काही हौस नाही.

मी शिकत होते तेव्हा माझ्या आजीला कवळी केली होती. आजीचे दात कसे दिसावेत याचा विचार मी केलाच नाही, दुकानात होते त्यातले सगळ्यात शुभ्र, सगळ्यात सारखे दात निवडले. मला वाटलं आजी खूश होईल. तिनं आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "दात लय चांगले हायेत बाई, पण हे माहे नाहीत." एका लग्नात घातली, मग देवळीत ठेवून दिली. शेवटी मी तिचा जुना फोटो शोधला. त्यात तिच्या पुढच्या दोन दातांत बारीक फट होती आणि बाजूचा एक दात जरासा वळलेला होता. ती फट आणि ते वळण ठेवून दुसरी कवळी केली. ती तिनं शेवटपर्यंत वापरली. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत लग्नातला किंवा नोकरीतला, दात दिसतील असा फोटो आणायला सांगते. गुरुजी, तुमचा शाळेच्या ग्रुप फोटोत हसलेला एखादा फोटो नक्की असेल.

दातांचा रंग दिवसाच्या उजेडात, दाराशी बसवून, चेहऱ्याच्या रंगाशी लावून निवडायचा असतो. उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर आणि साठीच्या वयाला थोडी पिवळसर, थोडी राखाडी छटा शोभते. आपल्याकडे लोक स्वतःच 'मोत्यासारखे द्या' म्हणतात, आणि मग परके वाटतात. पण तुमची कवळी तर तयार झाली. तरीही मार्ग आहेत. पुढच्या दातांच्या टोकदार कडा थोड्या घासून वयाला साजेशी झीज आणता येते, एखादा कोपरा गोल करता येतो. रंग मात्र घासून बदलत नाही. त्यासाठी पुढचे सहा दात काढून त्याच कवळीत दुसरे बसवता येतात.

ओठाचं कारण वेगळं आहे. नैसर्गिक दात हिरडीच्या बरेच पुढे असतात. वरच्या पुढच्या दातांमागे टाळूवर जो लहानसा मऊ उंचवटा जिभेला लागतो, त्याच्यापासून दातांची कड साधारण 8 ते 10 मिलिमीटर पुढे असते. दात काढल्यावर हाड आत सरकतं. करणाऱ्यानं दात नेमके त्या झिजलेल्या हिरडीवरच लावले तर ओठाला आधार राहत नाही, तो आत पडतो आणि नाकाखाली सुरकुत्या येतात. दुसरं म्हणजे जबड्यांची उंची. तुम्ही गप्प बसला असता वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटरची फट राहायला हवी. फट जास्त राहिली तर हनुवटी नाकाकडे येते, चेहरा वयापेक्षा म्हातारा दिसतो. ती राहिलीच नाही तर बोलताना दात एकमेकांवर वाजतात, जबडे दुखतात आणि ओठ मिटायला ओढावे लागतात. आराम आणि दिसणं या दोन गोष्टी कितीही वेगळ्या वाटल्या तरी दोन्ही याच उंचीवर उभ्या आहेत.

ही उंची ठरवण्याची भेट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती कशी असते ते सांगते. तोंडात दातांऐवजी मेणाची भिंत असते. मी नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पेनानं एकेक ठिपका देते. आजोबा सरळ बसलेले, डोकं टेकवलेलं नाही. "ममा म्हणा," मी सांगते. ओठ मिटतात, मग जबडा सैल पडतो. तेवढ्यात पट्टीनं दोन ठिपक्यांतलं अंतर मोजायचं. मग मेणावर मेण टेकवून पुन्हा मोजायचं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दोन-चार मिलिमीटरनं कमी यायला हवा. आला नाही की गरम पातं घेऊन मेण थोडं उतरवायचं, पुन्हा बसवायचं, पुन्हा "ममा". कधी अर्धा तास जातो. त्यानंतरच्या भेटीत मेणातच दात लावून दाखवतात. त्या भेटीला घरचं माणूस सोबत न्यावं, आरसा मागावा, बोलून पाहावं, आणि मनात असेल ते तिथेच सांगावं. मेण हलवता येतं. नंतर तोच साचा ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे कवळीच्या कडक प्लास्टिकमध्ये, गरम पाण्यात, 74 अंश सेल्सिअसच्या आसपास, तासन् तास शिजवला जातो. मग ती कवळी पक्की झाली. एका-दोन फेऱ्यांत सेट देऊ म्हणणाऱ्याकडे या भेटी कुठे बसतात, ते विचारा. साधारण पाच फेऱ्या लागतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून त्या महाग पडतात हे मला दिसतं, म्हणून मी सगळ्या बाजाराच्या दिवशीच ठेवते.

शिट्टीसाठी रोज मोठ्यानं एकसष्ट ते एकोणसत्तर मोजा: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. 'स' आणि 'ष'चा याहून चांगला सराव नाही, दवाखान्यात मीही हेच म्हणायला लावते. दीड महिन्यात बहुतेकांची शिट्टी जाते. तुमची अजून राहिली असेल तर पुढच्या दातांमागे टाळूच्या बाजूला थोडं भरावं किंवा घासावं लागेल. भजनाच्या वेळी कवळी पडते याचं कारण बहुधा मागे आहे. तोंड मोठं उघडलं की खालच्या जबड्याचं वरचं टोक वरच्या दाढांमागच्या गालाच्या जागेत पुढे येतं. तिथे कवळीची कड जाड राहिली असेल तर ते तिला खाली ढकलतं. ती पातळ करणं दहा मिनिटांचं काम आहे. टाळूच्या मागच्या टोकाला कवळी नीट दाबून बसते का, हेही पाहायला सांगा. आणि तपासायला जाल तेव्हा दवाखान्यात खुर्चीतच वरचा सूर लावून दाखवा, अजिबात लाजू नका.

प्रश्न: माझी कवळी 15 वर्षांची आहे, काही त्रास नाही. रात्रीही काढत नाही. फक्त टाळू लाल झाला आहे आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडतात. राखेनं घासते. (एक आजी, हिंगणघाट तालुका)

उत्तर: आजी, दुखत नाही म्हणून त्रास नाही असं नाही. रात्रंदिवस झाकलेल्या टाळूवर बुरशी वाढते, तीच ती लाली. आजपासून झोपताना कवळी काढा, साध्या पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी ठेवू नका आणि उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकते. राख, मंजन, टूथपेस्ट काहीच नको, यांनी कवळीला ओरखडे पडतात आणि त्यातच घाण बसते. मऊ ब्रश आणि अंगाचा साबण घ्या, खाली पाण्याचं घमेलं ठेवा म्हणजे हातून सुटली तरी फुटणार नाही. टाळू आणि जीभही ओल्या फडक्यानं पुसून घ्या. बुरशीचं औषध डॉक्टर देतील. पण 15 वर्षांत कवळीचे दात झिजले, हाड झिजलं, उंची कमी झाली, त्यामुळे ओठांच्या कोपऱ्यात घडी पडून लाळ साचते आणि चिरा पडतात. उंची पूर्ववत केलेली नवी कवळी लागेल. सोबत एकदा रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासा, चिरांना तेही कारण असतं.

प्रश्न: स्क्रू टाकून खालची कवळी पक्की करतात म्हणे. गरिबाला काही मिळतं का? (राळेगाव तालुका)

उत्तर: खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी बटणासारखी अडकवतात. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं सांगितलं. खालच्या कवळीवर याहून चांगला उपाय मीही पाहिलेला नाही. पण खर्च मोठा आहे, साखर ताब्यात लागते आणि तंबाखू सुटलेला लागतो. आधी साधी कवळी नीट करून पाहा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय इथे कवळीचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च कमी येतो, फेऱ्यांची तयारी मात्र ठेवा. केंद्र सरकारच्या 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 60 वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. त्याची तपासणी शिबिरं लागतात. तहसीलमध्ये किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून ठेवा, आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या.

प्रश्न: खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) पंचवीस वर्षं खाल्ला. आता दात नाहीत, कवळी आहे. खालच्या कवळीच्या कडेला उजवीकडे दीड महिन्यापासून फोड आहे, दुखत नाही. तोंडही पहिल्यासारखं उघडत नाही. कवळी घासून आणली तरी जात नाही. (गडचिरोली जिल्हा)

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण हे अंकापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इतरांसाठी इथे लिहिते. कवळीची जखम टोचणारी जागा घासली आणि कवळी काढून ठेवली की आठ-दहा दिवसांत भरते. दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर ती कवळीची जखम म्हणून चालवून घ्यायची नाही, मग ती दुखो की न दुखो. खर्रा, तंबाखू, सुपारी खाणाऱ्यानं तर नाहीच. तोंड कमी उघडणं हीही सुपारीनं आतली कातडी कडक झाल्याची खूण आहे. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात, कॅन्सर आहे की नाही ते तेवढ्यानं कळतं. कवळी आता काढून ठेवायची, खर्रा आजच बंद. तपासणी नागपूरला होईल. काल भाऊंचा फोन आला. सोमवारच्या पहिल्या गाडीनं निघतो म्हणाले, मुलगा सोबत येतो आहे.